पंचविसावा दिवस

मार्चअखेरची गोष्ट. विधी सेवा प्राधिकरणाच्या शिबिरासाठी मी नाशिकजवळ मखमलाबादकडच्या एका शाळेत नववीच्या वर्गासमोर उभी होते. आठवीच्या राज्यशास्त्रात शिकलेली न्यायालयांची उतरंड मुलं धडाधड सांगत होती.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, चेक परत आला तर किती दिवस थांबायचं?"

त्या भागात घरोघरी द्राक्षबाग, त्यामुळे प्रश्न कुठून आला ते लगेच कळलं. माल गेला, हातात चेक आला, बँकेनं 3 मार्चला मेमो, म्हणजे चेक न वटल्याची चिठ्ठी, लावून तो परत केला. व्यापारी म्हणतोय, चार दिवस थांबा. वडील थांबलेत.

मी खडू घेतला. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, 1881, कलम 138. मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस. ती मिळाल्यावर पैसे द्यायला व्यापाऱ्याला 15 दिवस. नाहीच दिले, तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद. फिर्यादीचा उशीर सबळ कारण असेल तर न्यायालय माफ करू शकतं, नोटिशीचा नाही. हे मी दोनदा सांगितलं. कितीतरी शेतकरी माझ्याकडे येतात तेव्हा नोटिशीचे दिवस उलटलेले असतात, चेकची तीन महिन्यांची मुदतही संपलेली असते. त्यांना परत पाठवताना आतडं तुटतं. सर्वोच्च न्यायालय कुठे आहे हे मुलांना ठाऊक असतं. 'मुदत' हा शब्द त्यांना कुणी शिकवतच नाही.

मुलं बोटांवर मोजू लागली. "आज 28. म्हणजे सव्वीस!"

"मेमोचा दिवस धरायचा नाही."

"मग पंचवीस. पाच उरले!"

ती मुलगी अजून उभीच होती. "बाई, मधल्या सुट्टीत घरी जाऊ?"

संध्याकाळी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात बापलेक माझ्या टेबलाशी आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत चेक, मेमो आणि वजनाच्या चिठ्ठ्या. वडिलांचा हात पिशवीवरून निघेना. "वकीलबाई, नोटीस दिली अन् तो चिडला तर? आहे ते पण बुडायचं."

मी बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, "दादा, नोटीस म्हणजे केस नाही. पैसे द्यायला त्याला पंधरा दिवस मिळतात."

त्यांनी पिशवी पुढे सरकवली. चेकवरची रक्कम अंकी-अक्षरी तपासून मी नोटीस टाइप केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोचपावतीसह टपालानं गेली.

"त्याला मिळाल्याची तारीख कळली की सांगते," मी तिला फोनवर म्हटलं. "तिथून पुढे मोजायचं."

"चौकोन आखून ठेवलेत मॅडम," ती म्हणाली. "पंधरा."