कुठून आणलंस?

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज टीव्हीवर 'लालबाग परळ' लागला होता. २०१० साली आला तेव्हा बाबा थिएटरात यायला तयार झाले नव्हते. आज मात्र शेवटपर्यंत बसले.

जयंत पवारांच्या 'अधांतर'वरून महेश मांजरेकरांनी केलेला हा सिनेमा. नाटक चाळीतल्या एका खोलीत घुसमटवून टाकतं. सिनेमा त्यामानाने फारच भडक. रक्त जरा जास्तच सांडतं, असं मला आजही वाटलं. पण सीमा बिस्वासने केलेली आई पडद्यावर आली की माझी कुरकुर थांबते.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. अडीच लाख कामगार बाहेर. बाबा गिरणीत साचेखात्यातले, कापड विणायच्या मागावर. आधी आईच्या बांगड्या गेल्या, मग पितळेचा हंडा. संप मागे घेतला असं रीतसर कुणी कधी जाहीरच केलं नाही, त्यामुळे आमच्या घरी 'संप मिटल्यावर' हे शब्द कितीतरी वर्षं चालू राहिले.

काका वीस-बावीसचा, नुकताच गिरणीत बदली कामगार म्हणून लागलेला. संपात नाक्यावर बसायला लागला. एका संध्याकाळी तो पेपरात गुंडाळून सुरमई घेऊन आला. घरात कित्येक दिवस नुसती पेज आणि सुका जवळा. आजीने पुडक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. विळी घेतली आणि मोरीपाशी जाऊन बसली. 'कुठून आणलंस?' असं कुणीच विचारलं नाही. आईनेही नाही. बाबा पानावर बसले, "माका भूक नाय" म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले. त्यांच्या वाटणीची तुकडी मी खाल्ली. कुरकुरीत होती, अजून जिभेवर आहे.

सिनेमात पोराच्या हातात घोडा, म्हणजे पिस्तूल, येतो तेव्हा बघणारा दचकतो. मी मात्र दर वेळी ती मोरी आठवून दचकते.

काकाचं पुढे काय झालं ते घरात बोलत नाहीत. मीही इथे लिहीत नाही.

सिनेमा संपल्यावर धीर करून विचारलं, "बाबा, संपात काकाने एकदा सुरमई आणली होती, आठवतं?"

पाण्याचा तांब्या तोंडाशी नेता नेता ते थांबले.

"सुरमय नाय गो," म्हणाले. "हलवे होते. दोन."