उजवा पाय, उजवा हात: सहावा आठवडा

आज सोलापूरच्या होम मैदानाच्या सायकलवरून नऊ फेऱ्या झाल्या, एकदाही पाय टेकला नाही. पहिल्या आठवड्यात इथेच दहा फूटसुद्धा सरळ जाता येत नव्हतं.

गाडी म्हणजे जुन्या एमटीबीतून (माउंटन बाइकमधून) बनवलेली रिकम्बंट, मागे रेलून पाय पुढे करून चालवायची सायकल. पेडलचा जोर मागच्या नाही, पुढच्या चाकाला जातो. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँक जिथे फिरतो तो भाग, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला जोडलेला, म्हणजे चाक वळलं की क्रँक, पेडल, चेन सगळं सोबत वळतं. क्रूझबाइक या कंपनीच्या रिकम्बंटची जात हीच. चेन आखूड राहते, वळणावर तिला पीळ पडत नाही.

त्रास हँडलला होतो. उजव्या पायाने पेडल रेटलं की जोर स्टिअरिंगच्या आसाच्या उजवीकडे पडतो आणि चाक डावीकडे वळू पाहतं. डाव्या पायाने उलट. माझ्या गाडीत मधल्या रेषेपासून पेडल 13 सेंमीवर, हँडलची मूठ 28 सेंमीवर. पायाचा जोर 20 किलो धरला तर तो तोलायला हाताला साधारण 9 किलो ओढावं लागतं. आस तिरका असल्याने प्रत्यक्षात थोडं कमी. आधीच्या अरुंद हँडलची मूठ 20 सेंमीवर होती, तिथे हाच हिशोब 13 किलो येतो. हँडल बदललं त्याच दिवशी खांदे दुखायचे थांबले.

तरी गाडी नागमोडी जायचीच. मी दोन्ही हातांनी हँडल आवळून धरायचो, ती खरी चूक. आवळलेला हात पायामागे उशिराने धावतो. तो पोचेपर्यंत दुसऱ्या पायाचा जोर आलेला असतो. आता हलका गिअर, पाय भरभर, मुठी सैल. जोर लावायचा असेल तेव्हा ज्या बाजूचा पाय रेटतो त्याच बाजूचा हात अलगद आपल्याकडे ओढायचा. चौथ्या दिवशी हे अंगात मुरलं. नेदरलँड्सच्या फ्लेव्होबाइक या रिकम्बंटमध्ये स्टिअरिंगचा आस सीटखाली, गाडीच्या मधोमध असतो. सराव झालेले लोक ती हात सोडून पायांवर वळवतात. पायाची ही ओढ म्हणजे दोषच आहे, असं मी आता म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र शिकण्याची नव्हती. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवलं तर बरोबर मधोमध ते खटकन अडकायचं. हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, खोलला, तर खालच्या कपात छर्ऱ्यांनी खड्डे पाडलेले, नखाला लागतील इतके. सरळ चालवताना लागणाऱ्या बारीक दुरुस्त्या तिथेच अडत होत्या. नवे कप, नवे छर्रे, भरपूर ग्रीस. मैदानात रोज चालायला येणारे काका दुसऱ्या सकाळी थांबून म्हणाले, "आज गाडी डुलंना की ओ!"

चढ अजून बाकी आहे. रेल्वे पुलावर जोर लावला की पुढचं चाक वाळूत जागेवर फिरतं, कारण माझं वजन मागे जातं. उद्या सीट 4 सेंमी पुढे घेऊन, पाठ उचलून बघणार. रविवारी पहाटे, ट्रक सुरू व्हायच्या आत, होटगी रोड.