चंद्रावरचा पाणाड्या

गावी काकांनी बोअर मारायच्या आधी पाणाड्या आणला होता. तळहातावरचा नारळ उभा राहिला तिथे गाडी लावली, आणि तीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. काकांना भरपूर चिडवलं.

आता माझं काम म्हणजे चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ बर्फ शोधणं. तिथे पाणी आहे यात वाद नाही. २००९ मध्ये नासाने केबियस विवरात रॉकेटचा टप्पा आदळवला तेव्हा उडालेल्या धुरळ्यात ते सापडलं. पिण्यापासून इंधनापर्यंत सगळ्याला ते लागणार. कुठे खोदायचं, एवढाच प्रश्न. त्यासाठी चांद्रयान-२ च्या रडारचा डेटा आम्ही मॉडेलला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामला, भरवतो.

एका गुरुवारी मॉडेलने एका विवरापाशी लालभडक डाग दाखवला. बर्फाची खात्री ९४ टक्के! मी धावत मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी एवढंच विचारलं, "विवराच्या आत आहे की बाहेर?"

दोन्हीकडे होता. पोटात गोळाच आला.

रडारची गोल फिरत जाणारी लहर साध्या जमिनीवर आपटली की उलटी फिरत परत येते. बर्फात ती आतल्या आत आपटत राहते आणि बरीचशी मूळ दिशेनेच फिरत येते. या दोहोंचं गुणोत्तर एकच्या वर गेलं की आम्ही कान टवकारतो. पण दगडधोंड्यांत दोनदा आपटलेली लहरही तशीच येते, आणि ताज्या विवराच्या आत-बाहेर धोंडेच असतात. बर्फ टिकतो तो कायमच्या अंधारातल्या तळाशी. काठाबाहेर सांडत नाही.

नासाच्या एलआरओ यानाचा तापमानाचा नकाशा वर टाकला. अर्ध्या डागावर चक्क ऊन. साधारण उणे १६० अंशांच्या वर उघडा बर्फ तग धरत नाही, हळूहळू उडून जातो. त्याच यानाच्या फोटोत घराएवढे धोंडेही दिसले.

मॉडेलला काय बोलणार? शिकवणीची विवरं मीच निवडलेली, सगळी जुनी, झिजलेली. त्याच्या लेखी चमकतं ते बर्फ.

रात्री ताजी विवरं गोळा करायला बसलो. तापमान मोजणाऱ्या त्या उपकरणाचं नाव डिव्हायनर, म्हणजे शब्दशः पाणाड्या. राहवेना, काकांना फोन लावला.

"मग, लागलं का पाणी?"

"धोंडे लागले."

काका बराच वेळ हसत होते.