तांब्याच्या वेळापत्रकाने मालवण

साताऱ्याहून मालवण कोल्हापूर, राधानगरी आणि फोंडा घाट या मार्गाने सुमारे पावणेतीनशे किलोमीटर पडते. हे अंतर मी पूर्वी सहा तासांत, मध्ये एकच चहा घेऊन संपवत असे आणि पोहोचल्यावर घड्याळ पाहून स्वतःवर खूश होत असे. त्या वेळी मागच्या सीटवर आईचे गुडघे आखडलेले असत आणि मुलगी रडकुंडीला आलेली असे, याकडे माझे लक्षच जात नसे. गेल्या डिसेंबरमध्ये तोच प्रवास आम्ही नऊ तासांत केला आणि आईने प्रथमच परतताना विचारले, "अरे, पुन्हा कधी जायचं?" हा बदल घडवला तो तांब्याने. तांब्या हा आमचा तांबूस रंगाचा गावठी कुत्रा. दर दोन तासांनी त्याला खाली उतरवणे भागच असल्यामुळे आम्ही सगळेच उतरत गेलो.

अर्थात, तो एका दिवसात प्रवासाला तयार झाला नाही. पिल्लू असताना त्याला पहिल्यांदा गाडीत घातले ते लस टोचायला नेण्यासाठी, आणि दुसऱ्यांदा यवतेश्वरच्या घाटात. तिसऱ्या वळणावर त्याने सकाळचे सगळे दूध-पोळी सीटवर काढली. पिल्लांच्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा पूर्ण विकसित झालेली नसते, त्यामुळे त्यांना गाडी लागते आणि पुष्कळांचा हा त्रास मोठेपणी कमी होतो, असे पशुवैद्यांनी सांगितले. मात्र गाडी म्हणजे सुई, हे समीकरण त्याच्या डोक्यातून काढणे आमचे काम होते. म्हणून आठवडाभर आम्ही त्याला नुसते इंजिन बंद असलेल्या गाडीत, दारे उघडी ठेवून, गोधडीवर बसवून खाऊ दिला. मग गल्लीतून एक फेरी, मग सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत, असे करत अंतर वाढवले. सतत जांभया देणे आणि लाळ गळणे ही उलटीची पूर्वसूचना असते, हे त्यातूनच आम्ही ओळखायला शिकलो. माणसांची उलटीची गोळी अर्धी करून कुत्र्याला देण्याचा सल्ला शेजारीपाजारी हमखास मिळतो. तो ऐकू नये, कारण औषध आणि मात्रा दोन्ही त्याच्या वजनाप्रमाणे पशुवैद्यांनीच ठरवायची असते.

निघण्याच्या तीन-चार तास आधी त्याचे खाणे आटोपलेले बरे, आणि तेही नेहमीपेक्षा थोडे कमी. पाणी मात्र तोडू नये. प्रत्येक थांब्यावर थोडे थोडे पाजावे.

गाडीत त्याला मोकळे सोडणे मला अजिबात मान्य नाही. साठच्या वेगात ब्रेक दाबला की मोकळा कुत्रा समोर फेकला जातो, आणि पुढच्या सीटवर असला तर एअरबॅगच त्याच्या जिवावर बेतू शकते. आम्ही त्याला मागे बसवतो, छातीवरून जाणारा पट्टा घालतो आणि त्याची आखूड दोरी सीटबेल्टच्या खाचेत अडकवतो. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधू नये, कारण सगळा हिसका मानेवर येतो. खिडकीबाहेर तोंड काढून वारा पिणारा कुत्रा दिसायला गोड असतो, पण उसाच्या पाचटाचा एक कण त्याच्या डोळ्यात गेला की पुढचा दिवस दवाखान्यात जातो.

उसाचा विषय निघालाच आहे, तर पहाटे चारला निघण्याची आमच्याकडची जुनी हौस मी सोडली आहे. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात, पाठीमागे एकही दिवा नसताना, महामार्गावरून चाललेले असतात, आणि शेंद्रे ते कागल या पट्ट्यात सहापदरीकरणाच्या कामाने अचानक वळवलेला रस्ता त्यात भर घालतो. उजाडता उजाडता निघावे. मुलीची करमणूक या महामार्गावर आपोआप होते: एमएच ११ आपली, ५० कराडची, १० सांगलीची, ०९ कोल्हापूरची आणि केए २२ बेळगावची, अशा पाट्या मोजताना कोल्हापूर कधी येते ते कळत नाही.

थांबा निवडताना ढाब्याच्या पाटीपेक्षा मी आता बाजूची सावली आणि मोकळा बांध पाहतो. दार उघडण्याआधी दोरी हातात घ्यायची, हा नियम कराडच्या पुढे एकदा मोडला आणि तांब्या थेट उसात शिरला. पाऊण तास आम्ही हाका मारत होतो. तेव्हापासून त्याच्या गळ्यात माझा फोन नंबर कोरलेला बिल्ला आहे. दुसरी चूक मुलीची, तिने त्याला प्रेमाने कांदाभजी भरवली. कांदा कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतो आणि त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो. भजी एकच होती म्हणून निभावले. चॉकलेट, द्राक्षे आणि बेदाणेही त्यांना विषारी असतात, आणि सांगलीचे पाहुणे बेदाण्याची पिशवी दिल्याशिवाय सोडत नाहीत, तेव्हा ती पिशवी डिकीत.

कोल्हापुरात अंबाबाईचे दर्शन आम्ही दोन पाळ्यांत घेतले, कारण बंद गाडीत कुत्र्याला ठेवणे म्हणजे त्याला भट्टीत ठेवणे होय. उन्हात उभ्या गाडीच्या आतले तापमान दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी चढते आणि काच बोटभर खाली केल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच त्याला अंग थंड करावे लागते, आणि आतली हवाच तापली की तोही मार्ग खुंटतो.

राधानगरीच्या पुढे रस्ता अभयारण्यातून जातो. इथे शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणापाशी पाय मोकळे करून घेतले आणि पुढे जंगल संपेपर्यंत कोणालाही उतरू दिले नाही. हे गव्यांचे रान आहे. कुत्र्याच्या भुंकण्याने गवा बिथरतो, शिवाय कुत्र्यांचे रोग रानातल्या प्राण्यांना लागू शकतात.

मालवणच्या मुक्कामाची गोष्ट मात्र थोडी कडू आहे. फोनवर "कुत्रा चालेल" म्हणणाऱ्या घरमालकांनी पोहोचल्यावर त्याला अंगणातल्या माडाला बांधायला सांगितले. आता मी फोनवर तीन प्रश्न विचारतो: खोलीत चालेल का, तुमचा स्वतःचा कुत्रा आहे का, आणि अंगणाला कुंपण आहे का. त्यांची उत्तरे लेखी संदेशाने मागवतो. दुसरी जागा मिळेपर्यंत आम्ही किनाऱ्यावर बसलो. तिथे तांब्याने समुद्राचे पाणी प्यायले आणि रात्रभर जुलाबाने हैराण झाला. पुढच्या दिवशी गोड्या पाण्याचे भांडे आधी, मग समुद्र.

घरी आल्यावर त्याला अंघोळ घालून अंग चाचपले. दोन गोचीड सापडले: एक त्याच्या कानामागे आणि दुसरा आईच्या गोधडीच्या टाक्यात.