हापशाचं चामडं आणि बर्मिंगहॅमचं पिस्तूल

माझं परभणीत लेथचं दुकान आहे. शाफ्ट, बुश, पंपाचे सुटे भाग, उन्हाळ्यात रसवंतीचे रोल अशी कामं बारमाही चालतात. त्याशिवाय मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा आणि पाठोपाठ फेब्रुवारीत आमच्या परभणीचा उरूस आला की दुकानात बंदुकांचा ढीग पडतो. घाबरायचं कारण नाही, फुगे फोडायच्या छऱ्याच्या बंदुका त्या. यात्रेत दिवसभर त्या बंदुकांचे हाल कुत्रा खात नाही. छर्रा न घालता नुसताच घोडा ओढणारी पोरं तर पैशाला पासरी. पुढे छर्रा असला की दाबलेली हवा पिस्टनला थोडी उशी देते. नळी रिकामी असली तर पिस्टन सरळ सिलिंडरच्या तळावर आपटतो, वॉशर फाटतो, स्प्रिंग तुटते. मग फुगेवाले माझ्याकडे येतात. बाराबोअर आणि रिव्हॉल्वरला मी हात लावत नाही, ते परवानावाल्या दुकानदाराचं काम.

मे महिन्यातल्या भर दुपारी सेलूकडचे एक निवृत्त गुरुजी पिशवी घेऊन आले. पिशवीत धोतराच्या फडक्याची गुंडाळी, तिच्यात पिस्तूल. दुकानातला पोरगा दोन पावलं मागे सरकला. मी हातात घेतलं आणि सिलिंडरवरची अक्षरं चिंधीने पुसली. वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम. ज्युनिअर मॉडेल, मुठीच्या दोन्ही बाजू पत्र्याच्या. पत्र्याची मूठ म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा माल, नंतरच्यांना बेकलाइट, म्हणजे जुन्या पद्धतीचं कडक प्लॅस्टिक, यायचं.

गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, वडिलांनी हैद्राबादहून आणलेलं आहे. निजामाच्या काळातलं. दर खंडेनवमीला पूजेत मांडतो. औंदा आमच्या मंडळी म्हणाल्या, चालत नाही ते शस्त्र कशाला पूजायचं? तेवढं चालू करून द्या."

मी आधी विचारलं, पाखरांवर किंवा वानरांवर चालवणार का? तसं असेल तर मी कामच घेत नाही. गुरुजी रागावलेच. "जन्मभर पोरांना दया शिकवली हो मी!"

मग दुसरी तपासणी. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० जूलपर्यंतची ताकद असलेल्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही. त्यापुढचं काहीही असलं तर लागतो. हे ज्युनिअर त्या २० जूलच्या पासंगालाही पुरणार नाही, पण नळी मी दरवेळी पाहतोच. साडेचारचा छर्रा मागून अंगठ्याने दाबला, नीट बसला. आतून नळी गुळगुळीत, रायफलिंग म्हणजे छऱ्याला फिरकी देणाऱ्या पेचदार खाचा नाहीत. ज्युनिअर हे कंपनीचं १९२९ सालचं स्वस्तातलं पिस्तूल, पोरांना नेम धरायला शिकवण्यासाठी काढलेलं.

या वेब्ली पिस्तुलांची रचना पाहून मला दरवेळी मजा वाटते. कंपनीचं पहिलं हवेचं पिस्तूल १९२४ साली आलं, तेव्हापासून हीच कल्पना. नळी वर, सिलिंडर तिच्या खाली. मागची खिट्टी सोडली की नळी मागून उचलली जाते आणि पुढच्या बिजागरीवर फिरून पार पुढे जाते. तिला जोडलेली पट्टी पिस्टनला पुढे ओढते आणि स्प्रिंग दबते. घोडा ओढला की पिस्टन उलटा, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या मनगटाकडे धावतो. दाबलेली हवा मागच्या भोकातून वर चढते आणि छऱ्याला घेऊन नळीतून पुढे सुटते. एवढ्याशा लांबीत नळीही बसली, सिलिंडरही बसलं आणि नळीच स्प्रिंग दाबायचा दांडा झाली. ज्याने काढलं त्याच्या डोक्याला सलाम.

पुढचं टोपण आट्यांवर असतं आणि त्याच्या मागे स्प्रिंग दबलेली असते. ते नुसतं पान्याने खोलणारा माणूस आयुष्यात एकदाच तसं करतो. मी सुताराचा शिकंजा लावून दाब धरतो, मग आटे सोडतो, मग शिकंजा हळूहळू ढिला करतो. टोपण निघालं आणि आतून जे बाहेर आलं ते पाहून मी पोरग्याला हाक मारली, "ये, बघ गंमत."

कंपनीची लांब स्प्रिंग गायब. तिच्या जागी मोटारसायकलच्या क्लचच्या आखूड स्प्रिंगा एकावर एक रचलेल्या, मधे मधे पत्र्याचे वॉशर. पिस्टनच्या तोंडावर चपलेच्या रबराची गोल चकती, तीही कडेने जळून कोळसा झालेली. आणि सिलिंडरच्या तळाशी काळी, चिकट काजळी.

ही काजळी मला ओळखीची आहे. बंदूक ढिली वाटली की लोक शिलाई मशीनचं तेल नळीच्या भोकातून आत ओततात. पिस्टन झटक्यात हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि पातळ तेलाचा भडका उडतो. डिझेल इंजिनात जे मुद्दाम करतात तेच इथे नको असताना होतं. आवाज मोठा येतो, धूर निघतो, जळकट वास सुटतो आणि मालक खुश होतो की ताकद वाढली. भडक्याने छर्रा जोरात सुटला तरी ती ताकद भरवशाची नसते, वॉशर आणि स्प्रिंग मात्र बाराच्या भावात जातात. गुरुजींनी कबूल केलं की मेव्हणे दर दसऱ्याला तेल सोडायचे.

सिलिंडर आतून साफ केलं, उजेडाकडे धरलं. नशिबाने उभे ओरखडे नव्हते. पिस्टनही सरळ होता. स्प्रिंगचं काम मला अवघड वाटलं नाही. पिस्टनच्या पोकळीचा व्यास आणि दबल्यावर उरणारी जागा मोजली की तारेची जाडी आणि वेढे यांचा अंदाज बसतो, आणि संभाजीनगरला वाळूजच्या बाजूला पियानो वायरच्या स्प्रिंगा वळून देणारे कारागीर आहेत. मापं पाठवली, स्प्रिंग आली, दोन्ही टोकं मी घासून सपाट केली.

घोडं अडलं ते वॉशरवर. या पिस्तुलाला चामड्याचा वाटीसारखा वॉशर लागतो. इंग्लंडात जुन्या पिस्तुलांचे सुटे भाग विकणारी दुकानं आहेत, पण पार्सलवर 'पिस्तुलाचा भाग' असं लिहिलं की ते कुठे अडकेल याचा नेम नाही, आणि नखाएवढ्या चामड्यापायी मला कुणाला खुलासे द्यायचे नव्हते. फुगेवाल्यांच्या बंदुकांना मी रबरी वॉशर बसवतो, ते चालतात. इथे मला तसं करायचं नव्हतं. बाजारातलं चपलेचं चामडं आणून पाहिलं. कापल्यावर आतून निळसर राखी दिसलं, म्हणजे क्रोममध्ये कमावलेलं. ते मऊ असतं, वाटीचा आकार धरतच नाही. सोडलं की पुन्हा सपाट.

तेव्हा मला जालन्याचे मामू आठवले.

आता हापसा आणि जालना यांचं नातं मराठवाड्यातही फार जणांना माहीत नाही. देशभर गावोगाव दिसणारा इंडिया मार्क टू हापसा १९७० च्या दशकात तयार झाला, त्याच्या आधी सोलापूर पंप होता आणि त्याच्याही आधी जालना पंप. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा बोअर घ्यायचे आणि त्यावर हापसा बसवायचा, हे आमच्या भागाने फार जवळून पाहिलंय. त्या हापशाच्या पोटात, खाली पाण्यात, पितळी अस्तराचं सिलिंडर असतं, ६३.५ मिलिमीटर व्यासाचं. त्यातल्या पिस्टनला चामड्याच्याच वाट्या असायच्या. पुढे नायट्राइल रबर आलं. मामूंनी उभी हयात हापसे दुरुस्त करण्यात घालवली, माझ्या वडिलांच्या ओळखीचे.

पिस्तूल घेऊन गाडीत बसण्याइतकी हौस मला नाही. पिस्टन तेवढा खिशात टाकला आणि लेथवर बनवलेला साचा पिशवीत. पितळेची कडी, आतला व्यास सिलिंडरएवढा, आणि तिच्यात उतरणारा दट्ट्या, चामड्याच्या दुप्पट जाडीने बारीक. सकाळची गाडी पकडली. मानवत रोड, सेलू, परतूर, जालना. गाडीतून उतरलो तेव्हाच ऊन मी म्हणत होतं.

मामूंनी पिस्टन हातात घेऊन फिरवला. "ये तो हापसे का बच्चा है." मग आतून गोणपाट आणलं. त्यात जुन्या चामड्याचे तुकडे, बाभळीच्या सालीत कमावलेले. एकाची कड सुरीने कापून मला दाखवली. आरपार तपकिरी, मधे कुठे निळी रेघ नाही. जाडी बोटांत चिमटून पाहिली, मागची बाजू सुरीने तासली, पुन्हा चिमटलं. मी व्हर्नियर काढला तर हसले. तरी मी मोजलं, सगळीकडे जाडी एकसारखी होती.

तुकडा कोमट पाण्यात टाकला. बारीक बुडबुडे येत राहिले. मला वाटलं आता झालं, हात पुढे केला तर म्हणाले, "जल्दी नक्को करो. बुडबुडे बंद हुए तो चमडा पानी पी लिया समझो." पाणी उकळतं का घ्यायचं नाही तेही सांगितलं. ओलं चामडं जास्त तापलं की आक्रसतं आणि वाळल्यावर काचेसारखं तडकतं.

साच्याच्या तोंडाची कड मी गोल केलेली होती. मामूंनी तिच्यावर अंगठा फिरवला, मान हलवली आणि पॉलिश पेपर माझ्या हातात दिला. आणखी गोल. मग गोल चकती कापून कडीवर ठेवली, वर दट्ट्या, आणि सगळं बाकावरच्या शिकंज्यात. आटे एकदम आवळायचे नाहीत. अर्धा फेरा, थांबा. पुन्हा अर्धा फेरा. चामड्याच्या कडेला सुरुवातीला चुण्या पडल्या. प्रत्येक थांब्यात त्या थोड्या विरत गेल्या आणि कड कडीच्या भिंतीला चिकटली. दट्ट्याभोवती पाण्याचे थेंब पाझरले, ते मामू चिंधीने टिपत राहिले.

वाळेपर्यंत गप्पा. ते सांगत होते, वाटीची कड बाहेर का वळवायची. हापशात वरचं पाणी वाटीत दाबतं, त्या दाबानेच कड फाकते आणि सिलिंडरला घट्ट लागते. जितका दाब जास्त तितकी पकड जास्त, आणि दाब गेला की ढिली. पिस्तुलात पाण्याच्या जागी हवा, बाकी सगळं तेच. म्हणून वाटीचं तोंड नेहमी दाबाकडे ठेवायचं, आणि ज्युनिअरमध्ये दाब मागे असतो. हे मला ठाऊक होतं, पण असं सोपं करून मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आता दुकानातल्या पोरग्याला याच शब्दांत सांगतो.

मेमधलं जालना असल्यामुळे सावलीत, पंख्याखालीच संध्याकाळपर्यंत वाटी कडक झाली. मामूंनी मेण आणि चरबी एकत्र कोमट करून तिच्यात बुडवली, बोटाने आतबाहेर चोळली. पैसे घेईनात. शेवटी मी साचा तिथेच ठेवून आलो. म्हटलं, पुन्हा लागलं तर इथेच यायचंय.

दुसऱ्या दिवशी वाटी लेथवर लाकडी दांड्यावर चढवली आणि नव्या ब्लेडने कड सरळ छाटली. पिस्टनला बसवली, सिलिंडरमध्ये सोडली. मागचं भोक बोटाने बंद करून पिस्टन दाबला तर तो अर्ध्यात अडला आणि हात सोडताच मागे उसळला. हवा धरली होती.

गुरुजी आले. जोडणी त्यांच्यासमोरच केली. खिट्टी सोडून नळी पुढे नेली, कट्ट असा स्वच्छ आवाज. भिंतीला वाळूची पोती लावली होती, त्यांच्यापुढे खोका, खोक्यावर वहीचं पान. गुरुजींनी चष्मा सारखा केला, दोन्ही हातांनी पिस्तूल धरलं आणि बराच वेळ नुसतेच उभे राहिले. मी म्हटलं, "गुरुजी, ओढा की." छर्रा पानाला लागला, पण त्यांनी नेम धरलेल्या चौकटीपासून चांगला वीतभर खाली. धूर नाही, वास नाही. गुरुजी म्हणाले, "ताकद कमी केलीत का?" आवाज लहान झाला होता ना! त्यांना काजळीची सगळी गोष्ट पुन्हा सांगावी लागली.

मग म्हणाले, आता याला क्रोम करून द्या, पूजेत चमकेल. मी साफ नाही म्हटलं. जुना काळा रंग जिथे राहिलाय तिथे राहू द्यावा, गंज तेवढा काढावा, हलका तेलाचा हात फिरवावा. चमकवलेलं जुनं हत्यार मला तरी रंगवलेल्या म्हाताऱ्यासारखं वाटतं. गुरुजींना पटलं नाही, पण ऐकलं. मी एका पुठ्ठ्यावर लिहून मुठीला बांधून दिलं: मशीनचं तेल सोडू नये, छऱ्याशिवाय घोडा ओढू नये, स्प्रिंग दाबलेली ठेवू नये. खाली मेव्हण्यांसाठी एक रेघ जास्त ओढली.

दसऱ्यानंतर त्यांच्याच नात्यातले एक जण दुसरं वेब्ली घेऊन आले. हे सीनिअर होतं, माझ्या हातातून गेलेल्या पिस्तुलांत सगळ्यात देखणं. साडेचारचा छर्रा मागून सोडला तर तो सरळ पुढून खाली पडला. बावीसची, म्हणजे साडेपाच मिलिमीटरची नळी. परवाना आहे का, विचारलं. आजोबांचा होता म्हणाले, कागद सापडत नाही. पिस्तूल फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं आणि आधी कलेक्टर कचेरीत जाऊन या म्हणून सांगितलं.

"अहो, नुसता वॉशर तर टाकायचाय," ते म्हणाले.

"वॉशर जालन्याला तयार आहे," मी म्हटलं, "कागद आणा."

अजून आले नाहीत.