रियुनियन: दख्खनच्या लाव्हाचं आजचं ठिकाण

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड एका तप्तबिंदूवरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातली उष्णता जिथे वर येते अशा जागेवरून, सरकत होता. तेव्हा जमिनीतून जो लाव्हा बाहेर पडला, त्याचंच आपलं दख्खनचं पठार झालं. भारत पुढे उत्तरेला निघून गेला, तप्तबिंदू मात्र अजून जागा आहे. भूशास्त्रज्ञ त्याच्या वाटेवरच्या खुणा दाखवतात: लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मॉरिशस. आज त्याच्या डोक्यावर आहे रियुनियन, हिंदी महासागरातलं फ्रान्सचं बेट. हे वाचल्यापासून मला तिथे जायचं होतं, आणि तेही धबधबे पाहायला. कारण कातळ समजून घ्यायचा तर पाणी त्याला कुठे कापतं ते पाहावं, हे सह्याद्रीत भटकतानाच शिकलो होतो.

बेट जेमतेम अडीच हजार चौरस किलोमीटरचं. पण पितों दे नेज हे त्याचं सर्वोच्च शिखर ३,०७० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दुप्पट. त्याच्या तीन अंगांना तीन प्रचंड खोलगे आहेत: सालाझी, माफात आणि सिलाओस. पूर्वेचा सालाझी सगळ्यात ओला. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे समुद्रावरची वाफ थेट या डोंगरांवर आणून आदळतात. सें-आंद्रेहून नदीकाठच्या रस्त्याने वर निघालं की दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून इतक्या धारा उतरत असतात की मोजायचं भान राहत नाही. पावसाचं म्हणाल तर २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. याच बेटावर फोक-फोक इथे जानेवारी १९६६ च्या चक्रीवादळात २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तो जागतिक विक्रम आहे.

मला सगळ्यात जास्त ओढ होती ती त्रू द फेर या धबधब्यांच्या विवराची. एल-बूर गावातून पहाटेच निघालो. बेलूवच्या माथ्यापर्यंत अंगावर येणारी नागमोडी चढण आहे. वाट उत्तम राखलेली, पायऱ्यांना लाकडाचे ओंडके, वळणावर पांढऱ्या-तांबड्या रंगाच्या खुणा. पाट्यांवर अंतराऐवजी चालायला लागणारा वेळ लिहिलेला असतो. डोंगरात तेच खरं उपयोगाचं.

माथ्यावर बेलूवचं जंगल लागलं आणि चाल आपोआप मंदावली. इथल्या मुख्य झाडाला तिथले लोक तामारें म्हणतात. चिंचेशी त्याचा संबंध नाही, ते बाभळीच्या कुळातलं, आणि या बेटाबाहेर नैसर्गिकरीत्या कुठेही आढळत नाही. चक्रीवादळं या झाडांना आडवी पाडतात, पण ती मरत नाहीत. जमिनीवर लोळलेल्या खोडातून नवे फाटे सरळ वर उठतात. खोडांवर शेवाळ्याची जाड गोधडी, मधूनमधून माणसाहून उंच वृक्षनेचे, आणि पायाखाली चिखल. जिथे चिखल फार तिथे फळ्या टाकल्या आहेत, त्याही निसरड्या. टेक-टेक नावाचा चिमणीएवढा पक्षी बराच वेळ आमच्याबरोबर होता. अगदी दोन हातांवर येऊन बसायचा, मान वाकडी करून बघायचा आणि पुढच्या फांदीवर जायचा.

मग एकदम कठडा येतो आणि पुढे जमीनच नाही. समोरच्या कड्यावरून पाणी शेकडो मीटर खाली एका काळ्या विवरात कोसळतं. एक नाही, शेजारी शेजारी कितीतरी धारा. तळातून पाणी एका अरुंद घळीत शिरतं आणि दिसेनासं होतं. खाली उतरायला पायवाट नाही. तिथे फक्त दोर लावून उतरणारे कसलेले लोक पोचतात. मी पाहत होतो तो कडा. थरावर थर, सांधण दरीत वर बघताना दिसतात तसेच, पण कडा अजून धारदार. आपले डोंगर कोट्यवधी पावसाळ्यांनी झिजवलेले आहेत. हे बेट समुद्राबाहेर येऊन वीस-तीस लाख वर्षंच झाली आहेत. सह्याद्री तरुणपणी कसा दिसत असेल याची कल्पना मला पहिल्यांदा तिथे आली. दहाच्या सुमाराला खालून ढग चढले आणि पाचेक मिनिटांत सगळं पांढरं झालं.

दक्षिणेला लांज्व्हां नदीवरचा ग्रां गाले धबधबा अगदी वेगळा. तिथे पाणी फक्त वरून पडत नाही, कड्याच्या मधूनच फुटतं. भेगाळलेल्या लाव्हात पाऊस मुरतो, खालच्या घट्ट थरावर अडतो आणि आडवा वाहत बाहेर येतो. काठावर एक दगड उचलला. काळाभोर, बारीक छिद्रांचा, आणि त्यात हिरवट काचेसारखे दाणे: ऑलिव्हिन नावाचं खनिज. तो हातात धरून बराच वेळ बसलो आणि नंतर नदीतच ठेवून दिला.

रविवार होता. नदीकाठी कुटुंबंच्या कुटुंबं चुलीवर मोठाली पातेली चढवून बसली होती. शेजारच्या आजींनी आम्हाला बोलावून डाळीचे वडे दिले. मिरची, आलं, थेट आपल्या डाळवड्याची चव. मळ्यांत राबायला तमिळ मजूर इथे आणले गेले होते, त्यांच्या स्वयंपाकाच्या खुणा घराघरात आहेत.

जायचं असेल तर मे ते ऑक्टोबर उत्तम, तेव्हा तिथे कोरडा ऋतू असतो. मॉरिशसहून विमानाने पाऊण तास लागतो. उजाडताच चालायला लागा. दरड कोसळली की वाटा बंद करतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा आणि बंदची पाटी दिसली तर परत फिरा. तिथला कातळही आपल्या सह्याद्रीतल्या कातळासारखाच ठिसूळ आहे.