शाफ्टचा व्यास आणि घनमूळ

साडेसात किलोवॅटची मोटर मिनिटाला 1440 फेरे घेते, तेव्हा तिच्या शाफ्टवर सुमारे 50 न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) येतो; कीवेमुळे, म्हणजे चावी बसवण्यासाठी शाफ्टवर कोरलेल्या खाचेमुळे, येणारा कमकुवतपणा लक्षात घेऊन साध्या पोलादासाठी 42 मेगापास्कल इतका कर्तन ताण (धातूचे थर एकमेकांवर सरकवू पाहणारा ताण) चालेल असे धरले, तर भरीव गोल शाफ्टचा व्यास अवघा 18.2 मिलिमीटर निघतो. सूत्र सरळ आहे: पिळाला 16 ने गुणावे, π (पाय) आणि ताण यांच्या गुणाकाराने भागावे आणि घनमूळ काढावे.

प्रत्यक्षात मात्र या क्षमतेच्या प्रमाणित चार-ध्रुवी मोटरला 38 मिलिमीटरचा शाफ्ट असतो, कारण पट्ट्याच्या ओढीने येणारा वाक आणि शाफ्टचा ताठपणा हे सूत्र विचारातच घेत नाही.

हीच मोटर विसास एक, म्हणजे वेग वीसपट कमी करणाऱ्या, गिअरबॉक्समागे लावली की, घर्षणातील घट सोडल्यास, गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवरचा पीळ वीसपट होतो. तरीही त्याच सूत्राने व्यास 49.4 मिलिमीटर निघतो, म्हणजे पावणेतीनपटीहूनही कमीच वाढतो. ही घनमुळाची कृपा मला अजूनही विलक्षण वाटते. अर्थात उलट बाजूही तितकीच तीव्र आहे: लेथवर व्यास दहा टक्क्यांनी कमी झाला, तर पीळ सोसण्याची ताकद सुमारे 27 टक्क्यांनी घटते.